पिकअप बदलताना

गेले तीन वीकएंड माझ्या गिटारचा आवाज कानात टोचतोय. पिकअप सिंगल कॉइल, त्यातून ब्रिजजवळचा. सरळ हंबकर बसवायचा असं ठरवून शनिवारी काष्टीला घरी आलो. जनावरांचा बाजार उठला आणि संध्याकाळी वरातीत बेंजो वाजला. तोही तसाच टोचरा! पण राव, ढोलताशाच्या वर तोच तर ऐकू येत होता.

हा बेंजो म्हणजे १९१२ साली नागोयात जन्मलेल्या जपानी ताइशोगोतोचा आपल्याकडचा वंशज. पुढे त्यालाही पिकअप लागला. चुंबक, त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेढे, वर थरथरणारी पोलादी तार. म्हणजे गिटारचीच रचना.

आता हंबकर. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला तो विजेची घरघर घालवायला. दोन कॉइल उलट्या जोडल्या, चुंबकाची टोकंही उलटी ठेवली. घरघर कटली, सूर राहिला. पण दोन कॉइल तारेचा रुंद पट्टा टिपतात, म्हणून वरचे सूर थोडे पुसले जातात. मऊपणा आला तो असा, ओघाने. १९७२ मध्ये लॅरी डिमार्झिओचा 'सुपर डिस्टॉर्शन' आला आणि जुना काढून नवा बसवायचा जमाना सुरू झाला.

मग मला नक्की काय नकोय? घरघर नाही, फक्त टोचणं. जास्त वेढ्यांच्या सिंगल कॉइलने टोक बोथट होतं, धार राहते. तोच घेणार.

मंडळी, तुम्हालाही टोचत असेल तर आधी टोन नॉब फिरवून बघा. तो फुकट असतो!