कुणीतरी पुसावं लागतं



कीर्तनात बोललो ते इथे छापताना थोडं सावरून घेतलं आहे. पण बोली तशीच ठेवली आहे, म्हणजे वाचतानाही आपण समोरासमोर बसलो आहोत असं वाटावं. अभंग तुम्हांला पाठ आहेत, ते इथे फिरून लिहीत नाही. आज त्या अभंगांच्या मागची हकिकत बघू.

आपण संतांचं सुख फार सांगतो. त्यांची समाधी, त्यांचा आनंद, त्यांचं वैकुंठगमन. संतांचं दुःख मात्र घाईघाईनं उरकतो. जणू दुःख झालं म्हटलं तर संतपण कमी होईल! माउली, तसं नाही बरं का. दुःख त्यांनाही आपल्यासारखंच झालं. मग ते त्यातून उठले कसे? एकटे उठले, की कुणी हात दिला? आजचा विषय एवढाच आहे.

तुकोबारायांपासून सुरुवात करू. साल १६३०. याच साली फेब्रुवारीत शिवनेरीवर शिवबांचा जन्म झाला, आणि याच साली पावसानं दगा दिला. दक्षिण आणि गुजरात, दोन्हीकडे दुष्काळ. पुढची दोन वर्षं तो हटला नाही. शाहजहानच्या दरबारी बखरकारानं, अब्दुल हमीद लाहोरीनं, बादशाहनाम्यात त्याची नोंद केली आहे. पीटर मंडी नावाचा इंग्रज त्याच सुमारास सुरतेहून आग्र्याला निघाला होता. वाटेच्या कडेला पडलेली प्रेतं बघत तो गेला, असं त्यानं लिहून ठेवलं आहे. त्यातच बादशाही फौजा दक्षिणेत उतरलेल्या. पुण्यावर विजापूरकरांनी गाढवाचा नांगर फिरवला तो याच काळात. म्हणजे वरून आभाळ कोरडं आणि खालून सैन्य. मधे कोण? आपला कुणबी.

देहूला बोल्होबांचं घर. महाजनकी, वाणसामानाचं दुकान, सावकारी. खाऊनपिऊन सुखी घर. आईवडील आधीच गेले होते. थोरली भावजय गेली, थोरला भाऊ सावजी घर सोडून निघून गेला. वर हा दुष्काळ. दुकान बसलं. दिलेलं येईना, घेतलेलं फिटेना. पहिली पत्नी रखमाई अन्नावाचून गेली. लेक संतू गेला. पैसा गेला आणि त्याच्यामागून गावातला मानही गेला, कारण दिवाळं निघालेल्या माणसाला कोण विचारतो हो?

हे मला कसं कळलं? तुकोबांनी स्वतः सांगितलं. त्यांचा आत्मचरित्राचा मोठा अभंग आहे, त्यात यातलं बरंच आहे. लाज वाटली, दुःखानं गांजलो, असं ते उघड सांगतात. पण तो अभंग नीट वाचा. ते म्हणतात, खरं तर हे बोलू नये. पण तुम्ही संतांनी पुसलंत, म्हणून सांगतो.

थांबा इथे. पुसलंत, म्हणून सांगतो. म्हणजे कुणीतरी विचारलं. चार माणसं बसली असतील, कुणी म्हणालं असेल, "तुकोबा, हे सगळं कसं झालं हो?" त्यांनी विचारलं नसतं, तर तीनशे-पावणेचारशे वर्षांनी तुमच्या माझ्या हातात हा अभंग आला नसता. आपल्या भाषेत पुसणं या शब्दाला दोन अर्थ आहेत बघा. पुसणं म्हणजे विचारणं, आणि पुसणं म्हणजे डोळे पुसणं. आपल्या वाडवडिलांनी दोन्हीला एकच शब्द ठेवला. जो पुसतो तोच पुसतो!

आता पुढचं. एवढं कोसळल्यावर तुकोबांनी पहिलं काय केलं? आपल्याला वाटतं, लगेच अभंग सुचले. नाही. त्याच अभंगात क्रम दिला आहे. आधी पडकं देऊळ डोळ्यांत आलं. पूर्वज विश्वंभरबाबांचं विठ्ठलाचं देऊळ भंगलं होतं, ते दुरुस्त करावं असं मनात आलं. म्हणजे आधी हाताला काम. मग एकादशीचं कीर्तन. तेव्हा अभ्यासात मन लागत नव्हतं, हेही ते लपवत नाहीत. मग संतांची काही वचनं पाठ केली. आणि मग? जे पुढे गात होते, त्यांच्या मागे उभं राहून धृपद धरलं.

टाळकरी माउली, हे तुम्हांला जास्त कळेल. धृपद धरणं म्हणजे काय? पुढचा गातो, आपण मागून उचलायचं. चाल आपली नाही, शब्द आपले नाहीत. आवाज फाटला तरी शेजारच्याचा आवाज सावरून घेतो. ज्याचं मन मोडलं आहे त्याला "तू पुढे हो, बोल" म्हटलं तर त्याच्या तोंडून शब्द निघत नाही. पण दहाजणांच्या मागे उभा राहून तो एक ओळ म्हणू शकतो. आज एक, उद्या दोन. जगद्गुरू होण्याआधी तुकोबाराय धृपद धरणारे होते. पुढे काळ असा फिरला की त्यांच्या मागे चौदा टाळकरी उभे राहिले. कडूसचे गंगाजी मवाळ त्यांत होते, चाकणचे संताजी जगनाडे त्यांत होते. एक ब्राह्मण, एक तेली.

महिपतीबाबांनी अठराव्या शतकात संतचरित्रं लिहिली. त्यांत कथा आहे की तुकोबांनी कर्जखतं काढली, धाकट्या कान्होबाची अर्धी त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. याचा अर्थ बघा. दुष्काळानं स्वतः नागवलेला माणूस दुसऱ्याच्या मानेवरचं ओझं उतरवतो. दुःखानं माणूस कडू होऊ शकतो, "माझं बुडालं, मी कुणाचं का सोडू?" असं म्हणू शकतो. किंवा त्या दुःखातून त्याला दुसऱ्याचं दुःख कळू शकतं. तुकोबांना कळलं.

आता आणखी मागे जाऊ, साडेतीनशे वर्षं. आळंदी. विठ्ठलपंत आणि रुक्मिणीमाता यांनी देहांत प्रायश्चित्त घेतलं. मागे चार लेकरं. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि धाकटी मुक्ताई. संन्याशाची पोरं म्हणून लोकांनी काय काय ऐकवलं असेल! परंपरा सांगते, असंच एकदा कुणीतरी लागेल असं बोललं आणि ज्ञानदेव झोपडीत जाऊन ताटी लावून बसले. ताटी म्हणजे झोपडीचं कुडाचं दार. ज्यांनी पुढे सगळ्या विश्वासाठी पसायदान मागितलं, त्यांनीही एकदा दार लावून घेतलं होतं. वाचा आणि मनात ठेवा.

मग दाराबाहेर कोण आलं? मुक्ताई. भावापेक्षा चार वर्षांनी लहान. ताटीचे अभंग तिच्या नावावर आहेत. तिनं दार तोडलं नाही. "एवढ्याशा बोलण्यानं काय होतंय?" असं म्हणून हिणवलंही नाही. तिनं बाहेर उभं राहून समजूत काढली. एकदा नाही, परत परत. तू कोण आहेस याची त्याला आठवण दिली. आणि दार उघडलं. आपण काय करतो? एकदा हाक मारतो, ओ आली नाही की म्हणतो, "राहू दे, त्याचं डोकं फिरलंय." माउली, ताटीशी थोडं थांबावं लागतं.

तिसरी गोष्ट बहिणाबाईंची, शिऊरच्या. जन्म १६२८, म्हणजे त्या दुष्काळाच्या तोंडावरचा. लहानपणीच वयानं खूप मोठ्या बिजवराशी लग्न. फिरत फिरत हे कुटुंब कोल्हापूरला आलं. तिथे जयरामस्वामींची कीर्तनं ऐकली. एका वासराचा लळा लागला, ते वासरू मेलं आणि ही लेक बेशुद्ध पडली. नवऱ्याला हे कीर्तनाचं वेड पटलं नाही. त्यानं मारलं, बांधून ठेवलं. हे कुणी लिहिलं? बहिणाबाईंनी स्वतः. सतराव्या शतकातली एक बाई आपल्या घरातला मार आपल्या अभंगात सांगते, आणि संप्रदाय तो अभंग देव्हाऱ्याजवळ जपून ठेवतो. पुढे नवरा आजारी पडला, त्याचं मन पालटलं आणि दोघं देहूला तुकोबांच्या कीर्तनाला येऊन राहिले. शेवटच्या दिवसांत बहिणाबाईंनी आपल्या मुलाला जवळ बसवून सगळं सांगितलं. घरातल्या बाईनं सोसलेलं झाकून ठेवणं म्हणजे धर्म, असं कुणी सांगितलं तर त्याला बहिणाबाईंचा गाथा दाखवा.

आता या पुसण्याला शिस्त कशी लागली ते ऐका. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी आळंदीच्या पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं. तुम्ही वारी चालला असाल तर तळावरची समाजआरती पाहिली असेल. सगळ्या दिंड्या जमतात. टाळमृदंगाचा कल्लोळ चालू असतो. चोपदार चोप वर करतात आणि एका क्षणात सगळं शांत. पण ज्या दिंडीचं काही गाऱ्हाणं आहे, ती दिंडी टाळ थांबवत नाही. वाजवतच राहते. मग चोपदार त्या दिंडीपाशी जातात, काय झालं ते ऐकून घेतात. हरवलेल्या, सापडलेल्या वस्तू पुकारतात. आणि हे सगळं झाल्यावर आरती.

म्हणजे आधी गाऱ्हाणं, मग आरती! एकाचा टाळ वाजतोय तोवर माउलींची आरती थांबते. आता मला सांगा, आपल्या घरात, आपल्या गावात कुणाचा टाळ वाजत राहिला आहे का? आणि आपण त्याच्या आवाजावर आपली आरती उरकून घेतो आहोत का?

विसाव्या शतकात गाडगेबाबांनी (१८७६–१९५६) कीर्तनाचं तोंडच फिरवलं. दिवसा गावाचा रस्ता झाडायचा आणि रात्री कीर्तनात लोकांना प्रश्न विचारायचे. लोक उत्तर द्यायचे, त्यावर पुढचा प्रश्न. हजारांच्या सभेत बाबा गप्पा मारल्यासारखे बोलत. कर्ज काढून सण करू नका, दारू सोडा, पोराला शिकवा, आणि आजाऱ्याला नवसापायी घरात ठेवू नका, दवाखान्यात न्या. दादरला त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कर्करोगाच्या उपचारासाठी आलेले रुग्ण आणि त्यांची माणसं आजही राहतात. तिथल्या ओट्यावर बसून एक अनोळखी बाई दुसरीला विचारते, "तुमचं कोण आहे हो?" तेही कीर्तनच आहे, माझ्या लेखी.

हे सगळं आज का सांगतो? २०२० आणि २०२१, दोन आषाढ्या. पादुका बसमधून पंढरीला गेल्या आणि वारकरी घरात बसला. कित्येकांची माणसं गेली. खांदा देता आला नाही, दहाव्याला चार माणसं जमली नाहीत. २०२२ ला पायी वारी सुरू झाली तेव्हा दिंडीत काही जागा रिकाम्या होत्या. मराठवाड्यात, विदर्भात कीर्तनाला जातो तेव्हा घरटी काही ना काही ऐकतो. एका गावात कर्जापायी गेलेल्या शेतकऱ्याच्या तेराव्याला कीर्तन होतं. थोरला मुलगा मांडवाच्या खांबाला टेकून गप्प. येणारा जाणारा म्हणे, "देवाची मर्जी, धीर धर." तो मान हलवी. शेवटी एक म्हातारी त्याच्याशेजारी मांडी घालून बसली आणि म्हणाली, "लेकरा, जेवलास का?" तेव्हा तो रडला, आणि मग बोलला.

म्हणून माझ्या कीर्तनकार बंधूंना आणि तुम्हांलाही हात जोडून सांगणं आहे. दुःखी माणसाला लगेच ब्रह्मज्ञान सांगू नका. देह नश्वर आहे हे त्यालाही माहीत आहे. त्यानं ते नुकतंच डोळ्यांनी पाहिलंय. आधी पुसा. तो बोलला तर मधे तोडू नका. नाही बोलला तर ताटीशी थांबा. मग त्याला हाताला काम द्या, भजनात मागच्या रांगेत उभं करा, धृपद धरू द्या. आणि ज्याला झोप लागत नाही, ज्याच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात, त्याला हात धरून डॉक्टरकडे न्या. १४४१६ या सरकारी क्रमांकावर फुकट बोलता येतं, तोही सांगा. औषधानं नामाला बाध येत नाही, आणि नामाचं नाव सांगून औषध बंद करणं हे काही भक्तीचं लक्षण नाही.

आणि वाचक माउली, गाऱ्हाणं तुमचंच असेल, तर टाळ थांबवू नका. वाजवत राहा. लाज धरू नका. तुकोबारायांनी धरली नाही, बहिणाबाईंनी धरली नाही. ऐकायला कुणीतरी येईल. आणि तुम्ही चोपदाराच्या जागी असाल, तर आरतीला थोडा उशीर होऊ द्या. माउली थांबतात.

पुंडलिक वरदा हरी विठ्ठल. रामकृष्ण हरी.