डोंगरावर नेलेले खटारे

उत्तर कॅलिफोर्नियात मरिन परगण्यातल्या फेअरफॅक्स गावाबाहेर पाइन माउंटन नावाचा डोंगर आहे. वणवा लागला तर बंब वर नेता यावेत म्हणून त्याच्या अंगावर कच्चे रस्ते काढलेले आहेत. त्यांतला एक जेमतेम ३.४ किलोमीटर लांबीचा, पण तेवढ्यात सुमारे ४०० मीटर खाली उतरणारा. खडी, धूळ, पावसाने पाडलेल्या घळी आणि आंधळी वळणं. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुण आपल्या जुन्यापुराण्या सायकली घेऊन या उताराच्या माथ्यावर जमले आणि खाली लवकर कोण पोचतं याची शर्यत लावली. न पडता खाली आला तो एकटा ॲलन बाँड्स. शर्यतही त्यानेच जिंकली.

त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे. पायडल उलटं दाबलं की तो लागायचा. अख्खा उतार ब्रेक दाबून धरल्यावर हब इतका तापे की आतलं ग्रीस जळून मागे धुराची रेघ उठायची. खाली आल्यावर हब खोलायचा, छर्रे पुसायचे, नवं ग्रीस भरायचं आणि मगच पुढच्या खेपेचा विचार. या पुन्हा ग्रीस भरण्यावरूनच त्या उताराला ‘रीपॅक’ हे नाव पडलं.

आज जगभर ‘माउंटन बाइक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या सायकलीची घडण मुख्यतः या उतारावर झाली, आणि ती हौशी माणसांच्या हातून झाली. कुठल्याही कारखान्याच्या नकाशाघरात तिचा आराखडा आधी काढलेला नव्हता. जुनी फ्रेम शोधायची, तिला दुसऱ्याच कुठल्या वाहनाचे भाग बसवायचे, ती मोडेपर्यंत हाणायची आणि मोडली की का मोडली ते पाहून पुन्हा जोडायची, अशा रीतीने सात-आठ वर्षांत एक नवं वाहन तयार झालं.

सुरुवात जिथून झाली ती सायकल मात्र कारखान्यातलीच होती. शिकागोच्या श्विन कंपनीने १९३३ साली अमेरिकेत २६ इंची, सव्वादोन इंचांच्या आसपास रुंदीच्या फुगीर टायरची सायकल आणली. महामंदीचे दिवस होते. मोठी माणसं मोटारीकडे वळली होती आणि सायकलीचा ग्राहक उरला होता तो म्हणजे मुलं. मुलं फुटपाथच्या कडेवरून सायकल उड्या मारत नेणार, सकाळी वर्तमानपत्रं टाकणार, कुठेही आपटणार. त्यांना पुरून उरेल अशी जड, दणकट फ्रेम आणि जाड टायर हवे होते. याच कंपनीने १९३१ पर्यंत एक्सेलसियर नावाच्या मोटरसायकली बनवल्या होत्या, आणि तेच नाव पुढे तिच्या काही सायकलींवर आलं. दुसरं महायुद्ध संपल्यावर हलक्या, बारीक टायरच्या, गियरच्या सायकलींची चलती झाली आणि ही जड धुडं गॅरेजच्या कोपऱ्यात, कोंबड्यांच्या खुराड्यात, भंगाराच्या ढिगात जाऊन पडली.

१९७० च्या सुमारास मरिन परगण्यातल्या लार्कस्पर गावची काही पोरं अशाच सायकली घेऊन माउंट टॅमलपाइसच्या कच्च्या वाटांवर दौडत असत. मडगार्ड, कॅरियर, खोटी पेट्रोलची टाकी, जे जे खडखडेल ते काढून टाकायचं आणि निघायचं. त्यांचं पाहून रस्त्यावरच्या शर्यतींत भाग घेणारे गंभीर सायकलपटूही या नादाला लागले. गॅरी फिशर, चार्ली केली आणि जो ब्रीझ हे तिघेही वेलो क्लब टॅमलपाइस या क्लबचे. फिशरला १९६८ साली लांब केसांपायी शर्यतींतून बाहेर ठेवलं गेलं होतं. केली एका रॉक बँडचं सामान वाहून मांडण्याचं काम करी. ब्रीझने १९७३ मध्ये सांताक्रूझकडच्या एका दुकानातून १९४१ ची श्विनची सायकल पाच डॉलरला उचलली. या सगळ्या सायकलींना ते ‘क्लंकर’ म्हणत, म्हणजे आपल्याकडचा खटारा.

खटारा उतरायला ठीक होता, पण चढायला नव्हता. वीस किलोच्या आसपास वजन आणि गियर एकच. वर जायचं तर ढकलत न्या, नाहीतर कुणाच्या ट्रकमध्ये टाका. ही अडचण सुटली ती १ डिसेंबर १९७४ च्या एका घटनेनंतर. मरिनमधल्या मिल व्हॅलीत सायक्लोक्रॉसची, म्हणजे कच्च्या वाटेवरची शर्यत होती, आणि तिथे सॅन फ्रान्सिस्कोच्या दक्षिणेकडच्या क्युपर्टिनोहून काही अनोळखी सायकलस्वार आले. त्यांच्या टोळीचं नाव ‘मॉरो डर्ट क्लब’. मॉरो हे हबमधल्या ब्रेकच्या एका जुन्या बनावटीचं नाव. त्यांच्या जाड टायरच्या सायकलींना चेन एका चकतीवरून दुसरीवर टाकणारे डिरेलर होते आणि गियर बदलायला अंगठ्याने ढकलायच्या खुंट्या होत्या. रस मॅहन हा त्यांच्यातला कर्ता कारागीर. मरिनच्या मंडळींनी ते डोळे भरून पाहिलं. क्युपर्टिनोवाले त्यानंतर या गोष्टीतून जवळजवळ नाहीसे झाले. माउंटन बाइकचा जनक कोण या वादात त्यांचं नाव शेवटी आणि दबक्या आवाजात घेतलं जातं, हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

मग फिशरने आपल्या एक्सेलसियरवर काम सुरू केलं. डिरेलर आले, अंगठ्याच्या खुंट्या आल्या. दोघांनी चालवायच्या टँडम सायकलीचे ड्रम ब्रेक आले, कारण एकाच हबवर भार टाकण्याचे दिवस संपवायचे होते. ब्रेकची तार ओढायला मोटरसायकलच्या मुठी घेतल्या, कारण चार बोटांनी पूर्ण ताकद लावता येईल इतक्या लांब मुठी सायकलीसाठी कुणी बनवतच नव्हतं. हँडलही मोटरसायकलच्या धाटणीचं, रुंद. क्रँक लांब पल्ल्याच्या प्रवासी सायकलींसाठी फ्रान्समध्ये बनलेले. सीट पटकन वरखाली करता यावी म्हणून आवळायची खटक्याची पकड, म्हणजे चढताना पाय सरळ होईल आणि उतरताना सीट मांडीखालून दूर जाईल. यातला एकही भाग नवा शोध नव्हता, पण निरनिराळ्या वाहनांचे हे भाग एका फ्रेमवर आणून बसवणं आणि त्यांचा एकमेकांशी मेळ घालणं हेच खरं कसब होतं.

फ्रेमही कुठलीही चालत नसे. मंडळी शोधत ती महायुद्धाआधीची एक्सेलसियरच. तिची पुढची नळी जास्त कललेली, दोन चाकांमधलं अंतर जास्त, त्यामुळे तीव्र उतारावर ती पुढे कोलमडत नसे आणि हँडल हातातून हिसकलं जात नसे. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी वर्तमानपत्रं टाकणाऱ्या मुलांसाठी आखलेली ही मापं डोंगरउताराला नेमकी जुळतील हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. आपटून आपटूनच ते कळलं.

रीपॅकच्या शर्यती केली भरवत असे. स्वार एकामागून एक ठरावीक अंतराने सुटत आणि प्रत्येकाचा वेळ वहीत टिपला जाई. १९७६ ते १९८४ या काळात अशा २४ शर्यती झाल्या. फिशरची ४ मिनिटं २२ सेकंदांची नोंद सर्वांत जलद ठरली. ब्रीझ दोनच सेकंद मागे होता, पण सर्वाधिक शर्यती त्याने जिंकल्या. वेंडी क्रॅग स्वतः या उतारावरून सायकल हाणायची आणि गळ्यात कॅमेराही असायचा. त्या काळाचं जे काही आज डोळ्यांना दिसतं ते मोठ्या प्रमाणात तिच्या छायाचित्रांमुळे.

जुन्या फ्रेमा टिकेनात. चाळीस वर्षांचं लोखंड, त्यावर रोजचा मार. केलीने क्रेग मिचेल नावाच्या कारागिराकडून एक नवी फ्रेम करवून घेतली, पण ती मनासारखी न वाटल्याने तो पुन्हा श्विनवर आला आणि मग ब्रीझच्या मागे लागला. ब्रीझचे वडील यंत्रकाम जाणणारे, घरचीच कार्यशाळा, आणि १९७४ मध्ये त्याने अल्बर्ट आयझेनट्राउट या नामांकित कारागिराकडे फ्रेम जोडण्याचं शिक्षण घेतलेलं. १९७७ साली त्याने क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्यांची पहिली ‘ब्रीझर’ पूर्ण केली. या सायकलीत सगळे भाग नवे कोरे होते. पुढच्या वर्षापर्यंत त्याने अशा दहा केल्या, किंमत प्रत्येकी ७५० डॉलर. पहिली ब्रीझर आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या अमेरिकी इतिहासाच्या संग्रहालयात आहे.

इथून हौस धंद्याच्या उंबऱ्यावर आली. टॉम रिची हा तरुण फ्रेमकार नळ्या पितळेने थेट एकमेकींना झाळत असे, जोडाच्या टोप्या न वापरता. त्यामुळे ज्यांच्या मापाच्या टोप्या बाजारात मिळत नसत अशा जाड नळ्याही त्याला वापरता येत. त्याने फ्रेमा केल्या, आणि १९७९ मध्ये फिशर व केली यांनी ‘माउंटनबाइक्स’ नावाने त्यांवर सायकली उभारून विकायला सुरुवात केली. त्या नावावर मालकी हक्क काही त्यांना मिळवता आला नाही, म्हणून ते आज सर्वांचं झालं आहे. १९८० पासून केली आणि डेनिस कॅरामॅग्नो यांनी ‘फॅट टायर फ्लायर’ हे छोटं नियतकालिकही चालवलं. कोणता हब टिकतो, कोणती रिम वाकते, ही माहिती हौशी लोकांना आता छापील मिळू लागली.

या सगळ्यात श्विन कंपनी कुठे होती? १९६३ मध्ये याच कंपनीतल्या अल फ्रिट्झ यांनी ऐकलं होतं की कॅलिफोर्नियातली मुलं २० इंची सायकलींना उंच हँडल आणि लांबट सीट बसवून घेत आहेत. त्यांनी ते मनावर घेतलं, ‘स्टिंग-रे’ काढली आणि ती तुफान खपली. मुलांच्या हौसेतून कंपनीची कमाई झाली होती. पंधरा वर्षांनी मोठ्या माणसांची हौस समोर आली तेव्हा मात्र श्विनने १९७८ च्या सुमारास ‘क्लंकर ५’ नावाची एक साधीशी पाचगियरी सायकल काढली, ती डोंगरावरच्या माराला पुरी पडणारी नव्हती, आणि लवकरच गुंडाळली. ज्यांच्या जुन्या फ्रेमांवर हे सगळं उभं राहिलं त्यांनाच ते ओळखता आलं नाही. ओळखलं ते माइक सिन्यार्डने. रिचीच्या फ्रेमा पाहून त्याच्या स्पेशलाइज्ड कंपनीने १९८१ मध्ये ‘स्टंपजम्पर’ जपानमध्ये बनवून घेतली आणि माउंटन बाइक सर्वसाधारण दुकानात पोचली. श्विनचं १९९२ मध्ये दिवाळं निघालं. १९९६ च्या अटलांटा ऑलिम्पिकमध्ये माउंटन बाइकची शर्यत सामील झाली.

मरिनच्या आधीही अशा सायकली केल्या गेल्या होत्या, हे सांगायलाच हवं. १९५३ मध्ये कॅलिफोर्नियातच जॉन फिनली स्कॉटने श्विनच्या फ्रेमला जाड टायर, सरळ हँडल, डिरेलर बसवून जंगलात फिरायची सायकल केली होती. १९५० च्याच दशकात पॅरिसजवळ काही फ्रेंच तरुण बदललेल्या सायकलींवरून रानवाटांवर शर्यती खेळत होते. कोलोरॅडोतल्या क्रेस्टेड ब्यूटच्या मंडळींनी १९७६ च्या सप्टेंबरात एकगियरी खटाऱ्यांवर साडेबारा हजार फुटांहून उंच पर्ल पास ओलांडून ॲस्पेन गाठलं होतं. पण रीपॅकवर घड्याळ होतं. कुणाची जोडणी सरस ते त्याच दुपारी सेकंदांत कळत होतं, म्हणून सुधारणेचा वेग तिथे सर्वाधिक होता.

आपल्याकडे महाराष्ट्रात मात्र सायकल बदलली जाई ती मुख्यतः गरजेपोटी. दांडीच्या ब्रेकच्या काळ्या सायकलीला दूधवाला कॅनचे आकडे लावी, कुणी कॅरियर वाढवून घेई. जुनी सायकल हौसेने पुन्हा उभी करणारेही होते आणि आहेत. पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांनी जमवलेल्या सायकलींचं संग्रहालय हा त्याचा ठळक दाखला. तिथे महायुद्धातली, घडी घालता येणारी बीएसए पॅराट्रूपरही आहे. मरिनच्या खटाऱ्याचं दूरचं वंशज इथे आलं ते १९९० च्या दशकात, ‘रेंजर’सारख्या जाड टायरच्या, सरळ हँडलच्या सायकलींच्या रूपात.

आता जगभरच्या हौशी लोकांनी १९८० आणि १९९० च्या दशकांतल्या पोलादी माउंटन बाइक पुन्हा उभ्या करायला घेतल्या आहेत. उद्योग २९ इंची चाकांकडे आणि सस्पेन्शनकडे गेला, त्यामुळे या फ्रेमा स्वस्तात मिळतात. त्यांना कॅरियर आणि मडगार्ड लावायला भोकं असतात, रुंद टायरला जागा असते, आणि पोलाद असल्याने मागचा चिमटा काही मिलिमीटर फाकवून नव्या मापाचा हबही बसवता येतो. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग करू नये, ती तडकते. परदेशात चांगले २६ इंची टायर शोधावे लागतात. नाशिकपासून कोल्हापूरपर्यंत ते अजून कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे टांगलेले असतात, म्हणजे अशी एखादी जुनी फ्रेम हाती लागली तर काम इथे अधिक सोपं आहे.