बॅटरी संपली, गेम मेला!

'मुस्तफा' आठवतोय? गेम पार्लरमध्ये पिवळी टोपी घातलेला तो हिरो? त्या गेमचं खरं नाव 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स', साल १९९३, कंपनी जपानची कॅपकॉम. आज गोष्ट सांगतोय याच कॅपकॉमच्या एका बॅटरीची.

झालं असं, की १९९१ मध्ये 'स्ट्रीट फायटर टू' आला आणि तुफान चालला. लगेच नकला सुरू झाल्या. बोर्डावरच्या चिप्समधला प्रोग्राम वाचायचा, दुसऱ्या चिप्सवर उतरवायचा, झाला डुप्लिकेट बोर्ड तयार. कंपनीच्या हातात एक पैसा नाही.

म्हणून १९९३ मध्ये कॅपकॉमने नवं हार्डवेअर आणलं, सीपीएस-टू. यात प्रोग्राम चिपवर सरळ लिहिलेलाच नाही, तो सांकेतिक रूपात असतो. तो उलगडणारी किल्ली असते छोट्याशा रॅममध्ये. आता रॅमला वीज लागतेच, मशीन बंद असतानासुद्धा. ती वीज पुरवते ३.६ व्होल्टची एक लिथियम बॅटरी. कोणी बोर्डाशी खेळ केला, वीज तुटली, की किल्ली पुसली जाते आणि गेम कायमचा बंद. चोराच्या हाती काही लागत नाही.

आयडिया भारी होती. पण बॅटरीला चोर कोण आणि मालक कोण हे कसं कळणार? ती तर काही वर्षांनी आपोआप संपतेच! रोख पैसे मोजून घेतलेला अस्सल बोर्ड एके दिवशी चालू करावा, तर स्क्रीनवर नुसता एक रंग. बाकी सगळं ठणठणीत, फक्त किल्ली गेली. म्हणून दुरुस्तीवाले तिला म्हणायला लागले 'सुइसाइड बॅटरी'.

बरं, वेळेवर बॅटरी बदलली तर गेम वाचायचा. पण मेलेल्याचं काय?

इथून खरी शर्यत सुरू होते. २००१ च्या जानेवारीत 'सीपीएस-टू शॉक' या हौशी गटाने एक वाट शोधली. कुलूप फोडता येत नाही ना? मग जिवंत बोर्डाकडूनच उलगडलेला प्रोग्राम काढून घ्यायचा. मग त्या उघड्या प्रोग्रामच्या चिप्स मेलेल्या बोर्डावर बसवायच्या, की गेम पुन्हा सुरू. या चिप्सना नाव पडलं 'फिनिक्स', राखेतून उठणारा पक्षी! अडचण एकच: प्रत्येक गेमचा निदान एक जिवंत बोर्ड हवा, आणि बॅटऱ्या तर रोज उतरत होत्या.

२००७ मध्ये कुलूपच उघडलं. आंद्रेआस नाइव्ह आणि निकोला साल्मोरिया यांनी सांकेतिकीकरणाची पद्धत गणिताने शोधून काढली. हा साल्मोरिया म्हणजे 'मेम' या एम्युलेटरचा जनक. किल्ली निघाली ६४ बिटांची.

तरी मूळ बोर्ड मूळ चिप्सवर चालवायचं राहिलंच होतं. ते झालं २०१६ मध्ये. एदुआर्दो क्रूझ, आर्तेमियो उर्बिना आणि इयान कोर्ट यांनी किल्ली बोर्डात कशी भरली जाते हेच शोधलं. आता दोन-चार वायरी आणि आर्डुइनो घेऊन किल्ली परत भरता येते. चिप बदलायची गरज नाही. पुढे तर मशीन चालू करताना दर वेळी किल्ली भरणारं छोटं बोर्डही आलं. म्हणजे बॅटरीच नको!

गंमत बघा. ज्यांना कंपनीने चोर ठरवलं असतं, त्याच खटपट्या लोकांनी कंपनीचे गेम वाचवले. कुलूप लावणाऱ्याने फक्त त्या वर्षीच्या धंद्याचा विचार केला होता, पंचवीस-तीस वर्षांनी हा गेम कोणाला खेळावासा वाटेल याचा नाही.

आता तुमचा फोन हातात घ्या. त्यातले किती गेम सर्व्हरशिवाय उघडतात? उद्या तो सर्व्हर बंद झाला तर? तीही एक बॅटरीच आहे मंडळी, फक्त ती आपल्या हातात नाही.

तुमचा असा 'मेलेला' गेम कोणता? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!