चांदोली राष्ट्रीय उद्यान

महाराष्ट्रातील सह्याद्रीच्या माथ्यावरील संरक्षित वनक्षेत्र. सातारा, सांगली, कोल्हापूर व रत्नागिरी या चार जिल्ह्यांच्या सरहद्दी जेथे भिडतात, तेथे वारणेवरील धरणाच्या वसंतसागर जलाशयाभोवती सुमारे ३१८ चौ. किमी. क्षेत्रावर ते पसरले आहे. १९८५ मध्ये अभयारण्य व २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झालेला हा मुलूख २०१० मध्ये कोयना अभयारण्यासह सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात समाविष्ट झाला. व्याघ्रदर्शनाची आस धरून येणाऱ्याची येथे बहुधा निराशाच होते. परंतु दाट सदाहरित रानातून झोळंबीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या खडकाच्या त्या उघड्या पठारावर पाऊल ठेवताच, गुडघ्यापासून खाली पांढरे पायमोजे चढविल्यासारखा दिसणारा गवा कळपासह चरताना आढळला, तर शीण हरपतो. झाडाच्या शेंड्यावर काटक्यापानांचे गोल घरटे बांधणारा शेकरूही या रानात आहे. पश्चिमेस प्रचितगडावरून कोकणाचा तळ एकदम उघडा पडतो, आणि या दृश्याची सर निदान प्रस्तुत लेखकाच्या मते कोणत्याही थंड हवेच्या ठिकाणास नाही. २०१२ मध्ये पश्चिम घाटातील जागतिक वारसास्थळांत चांदोलीचा समावेश झाला. उद्यानात प्रवेशासाठी वनखात्याची परवानगी आवश्यक असते.