ब्रूडरमधली टोचाटोची

पिल्लांची टोचाटोची कोंबडीइतकीच जुनी आहे, पण तो धंद्याचा प्रश्न झाला पिल्लांना कृत्रिम ऊब देणारा ब्रूडर आल्यावर. खुडूक कोंबडीमागे आठ-दहा पिल्ले दिवसभर उकिरडा उकरत हिंडतात आणि थकली की तिच्या पंखाखाली अंधारात शिरतात. 1879 साली कॅलिफोर्नियातील पेटालुमा येथे लायमन बाइस यांचे उबवणी यंत्र आले आणि पुढे शेकडो पिल्ले आईविना एका शेगडीभोवती वाढू लागली. 1920च्या दशकात ड जीवनसत्त्वाचा शोध लागला. खाद्यात कॉड माशाचे तेल मिसळले की पिल्लांना उन्हाची गरज उरेना, आणि ती बारमाही बंद खोलीत राहिली.

अशा खोलीत उष्णता, गर्दी आणि झगझगीत उजेड एकत्र आले की टोचणे सुरू होते. आधी पायाची बोटे, मग शेपटीच्या बुडाशी नुकते फुटलेले पिसांचे खुंट. हे कोवळे खुंट रक्ताने भरलेले असतात. एक फुटला, लाल थेंब दिसला, की आजूबाजूची सगळी पिल्ले त्याच जागी धावतात आणि काही वेळात जखम गुदद्वारापर्यंत पोचते.

नॉर्वेचे थोर्लेफ शेल्डरुप-एब्बे यांनी 1920च्या दशकाच्या आरंभी कळपातील मानाची उतरंड मांडली. तिचा या प्रकाराशी सर्रास घोटाळा केला जातो. मानासाठीची चोच सहसा डोक्यावर बसते, तीही पिल्ले थोडी मोठी झाल्यावर. पिसे ओढण्यामागे भांडण नसते.

उपाय मात्र बराच काळ डोळ्यांवर आणि चोचीवरच झाले. 1903 साली टेनेसीतील अँड्र्यू जॅक्सन यांना कोंबड्यांच्या चष्म्याचे अमेरिकी पेटंट मिळाले. रक्ताचा रंग ओळखू येऊ नये म्हणून पुढे लाल काचांचे चष्मे निघाले आणि खिडक्या व दिवेही लाल झाले. 1930च्या दशकात ओहायोच्या संशोधन केंद्रात चोच छाटण्याचा उपाय पुढे आला. 1940च्या दशकात सॅन डिएगोच्या एका कोंबडीपालकाने ब्लोटॉर्चने वरची चोच जाळली. त्यातूनच तापलेल्या पात्याचे यंत्र निघाले आणि जगभर गेले. महाराष्ट्रातील पोल्ट्रीत ‘डिबीकिंग’ म्हणतात ते हेच. अंड्यांच्या जातीच्या पिल्लांची चोच साधारण सात ते दहा दिवसांत कापली जाते.

चोच म्हणजे निर्जीव नख नव्हे. ब्रिटनच्या ब्रॅम्बेल समितीने 1965 सालीच ही छाटणी थांबवावी असे सुचवले होते. 1980च्या दशकात एडिंबरा येथे ब्रुवर्ड आणि जेंटल यांना छाटलेल्या चोचीच्या खुंटात मज्जातंतूंच्या गाठी आढळल्या. हा पुरावा हाती आल्यावर छाटणीची वेदना क्षणिक आहे असे म्हणणे टिकत नाही.

1986 साली नेदरलँड्सचे ब्लोकहाउस यांनी मूळ कारणाकडे बोट दाखवले: जमीन उकरायला मिळाली नाही की तीच चोच सोबत्याच्या पिसांकडे वळते. ओटसारख्या टरफलयुक्त धान्याने टोचणे घटते हे अमेरिकेतील प्रयोगांत 1930च्या दशकातच दिसले होते. त्याचा धागा धरला असता तर पाती एवढी तापली नसती. नॉर्वेने 1974 साली आणि स्वीडनने 1988 साली चोच कापण्यावर बंदी घातली. तेथे भर राहिला तो उकरण्याजोगे लिटर (जमिनीवरचा भुसा), मंद उजेड, प्रत्येक पिल्लाला पुरेशी जागा आणि शांत जातींची निवड यांवर. इतरत्र तापल्या पात्याच्या जोडीला अवरक्त किरणांचे यंत्र आले असून त्यात हॅचरीतच एक दिवसाच्या पिल्लाच्या चोचीचे टोक निकामी केले जाते.