जिहाद : आत्मसंघर्ष आणि आत्मरक्षण – अर्थांतराचा ऐतिहासिक मागोवा

'जिहाद' या शब्दाचा मराठीत रूढ झालेला प्रतिशब्द 'धर्मयुद्ध' हा आहे. कोशाच्या सोयीसाठी तो चालून जातो. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र तो अपुरा वाटतो. अरबी भाषेत युद्धासाठी 'हर्ब' आणि लढण्यासाठी 'किताल' असे स्वतंत्र शब्द आहेत. 'जिहाद' त्यांहून व्यापक आहे. याउलट, जिहाद म्हणजे केवळ स्वतःच्या मनोविकारांशी झगडा, असे जे उत्तर या प्रतिशब्दाला दिले जाते, तेही पुराव्याच्या कसोटीवर पूर्णपणे टिकत नाही. वर्गात हा विषय शिकविताना या दोन सोप्या उत्तरांपैकी एक निवडण्याचा मोह अध्यापकाला होतो. प्रस्तुत निबंधात आत्मसंघर्ष व आत्मरक्षण हे दोन अर्थ कोणत्या परिस्थितीत पुढे आले आणि त्यांचे परस्परनाते काय राहिले, याचा विचार केला आहे.

मक्का ते मदिना

'ज-ह-द' या धातूचा मूळ अर्थ पराकाष्ठेचा प्रयत्न करणे असा आहे. कुराणाच्या २९ व्या सूरेत आईवडिलांशी सद्वर्तन करण्याची आज्ञा आहे; मात्र त्यांनी अनेकेश्वरवादाकडे वळविण्याची खटपट केल्यास तेवढ्यापुरते त्यांचे ऐकू नये, असेही सांगितले आहे. या खटपटीसाठी योजलेले क्रियापद याच धातूचे आहे. म्हणजे मूर्तिपूजक आईबापांचा आग्रहसुद्धा भाषेच्या दृष्टीने 'जिहाद'च ठरतो! २५ वी सूरा मक्केच्या काळातील मानली जाते. तीत कुराणाच्या साहाय्याने मोठा जिहाद करण्याचा आदेश आहे. त्या काळात मुस्लिमांच्या हाती शस्त्र नव्हते आणि ते उचलण्याची अनुज्ञाही नव्हती. इ. स. ६१० पासून ६२२ पर्यंतचा हा काळ छळ, सामाजिक बहिष्कार आणि काही अनुयायांचे ॲबिसिनियाला स्थलांतर यांनी भरलेला आहे. या अवस्थेत अपेक्षित असलेला गुण 'सब्र', म्हणजे धैर्यपूर्वक सहन करणे, हा होता.

६२२ च्या हिजरतीनंतर परिस्थिती पालटली. लढण्याची पहिली अनुज्ञा परंपरेनुसार २२ व्या सूरेतील ३९ व ४० या आयतींत मिळते. ज्यांच्यावर युद्ध लादले गेले आणि ज्यांना केवळ श्रद्धेमुळे घरादारातून हाकलण्यात आले, त्यांना ही परवानगी आहे. त्यापुढील कारणमीमांसा अधिक लक्षणीय आहे. माणसांच्या एका गटाकडून दुसऱ्याला आवर घातला गेला नसता, तर मठ, चर्च, यहुदी प्रार्थनास्थळे आणि मशिदी जमीनदोस्त झाल्या असत्या, असे तेथे सुचविले आहे. आत्मरक्षणाच्या या पहिल्याच उल्लेखात इतरांची प्रार्थनास्थळे मशिदीच्या आधी येतात, ही गोष्ट समर्थक आणि टीकाकार दोघांच्याही नजरेतून पुष्कळदा निसटते. दुसऱ्या सूरेत लढणाऱ्यांशीच लढावे व मर्यादा ओलांडू नये, असे बंधन घातले आहे.

येथवरचे चित्र सुसंगत आहे. परंतु ६२४ च्या बद्रच्या लढाईपाशी ते गुंतागुंतीचे होते. परंपरागत चरित्रग्रंथांनुसार या लढाईचे निमित्त अबू सुफयानच्या व्यापारी काफिल्याला अडविण्याचा बेत हे होते. मक्केत मागे राहिलेली निर्वासितांची मालमत्ता कुरैशांनी बळकावली होती, हे उत्तर त्यावर दिले जाते आणि त्यात तथ्य आहे. तरीही 'केवळ बचाव' हे वर्णन येथे ताणून बसवावे लागते. याउलट ६२७ साली मदिनेभोवती खंदक खणून दिलेली झुंज निःसंशय बचावाची होती, तर ६२८ चा हुदैबियाचा करार अनुयायांची नाराजी पत्करून स्वीकारलेला संयम होता. नवव्या सूरेतील काही आयतींचा सूर कठोर आहे. त्या विशिष्ट करारभंगाला उद्देशून आहेत की सार्वकालिक, यावरच पुढील वादाचा मोठा भाग उभा आहे.

साम्राज्याच्या काळातील धर्मशास्त्रकारांपैकी अनेकांनी त्या सार्वकालिक मानल्या आणि आधीच्या संयमी आयती त्यांनी रद्द झाल्या, असे प्रतिपादन केले. हनफी परंपरेतील अश्-शैबानी (मृत्यू ८०५) याने युद्ध, तह व परकीयांचे संरक्षण यांचे नियम व्यवस्थित मांडले; स्त्रिया व मुले यांच्या हत्येला मनाई त्यात आहे. राज्यविस्ताराचे युद्ध हे समाजाचे सामूहिक कर्तव्य, म्हणजे काहींनी केले तरी पुरेसे. शत्रू चालून आला तर मात्र प्रतिकार हे प्रत्येकाचे वैयक्तिक कर्तव्य, असा भेद या शास्त्राने केला. आक्रमक युद्धाला मान्यता देणाऱ्या या चौकटीतही आत्मरक्षणाचा दर्जा असा वेगळा राखला गेला.

'थोरला जिहाद' : एका हदीसचे प्रामाण्य

रणांगणावरून परतताना प्रेषितांनी लहान जिहादाकडून थोरल्या जिहादाकडे, म्हणजे स्वतःशी करावयाच्या संघर्षाकडे, आपण परतलो असे म्हटल्याचे सर्वत्र सांगितले जाते. ही हदीस नवव्या शतकातील सहा प्रमाण संग्रहांत नाही. अल्-बैहकी (मृत्यू १०६६) याने ती नोंदविली, पण तिची निवेदकपरंपरा दुर्बल असल्याचेही सांगितले. इब्न तैमिया (मृत्यू १३२८) याने तर ती निराधार ठरविली. तेवढ्यावरून आत्मसंघर्षाचा अर्थ ही नंतरची पळवाट आहे, असा निष्कर्ष काही लेखक काढतात. तो घाईचा आहे.

तिर्मिजीच्या प्रमाण संग्रहातील एका हदीसमध्ये सरहद्दीवर पहारा देताना मृत्यू आलेल्याचे पुण्य वर्णिले आहे आणि त्याच कथनात, जो आपल्या 'नफ्स'शी, म्हणजे स्वार्थी अहंशी, झगडतो तो मुजाहिद, असेही म्हटले आहे. पहारेकरी आणि साधक एकाच निवेदनात शेजारी उभे आहेत. युद्धावर जाण्याची अनुज्ञा मागणाऱ्याला, आईवडील हयात असतील तर त्यांच्या सेवेतच जिहाद कर, असे सांगितल्याची हदीस बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. अब्दुल्ला इब्न अल्-मुबारक (मृत्यू ७९७) याने जिहाद आणि वैराग्य या दोन्ही विषयांवर स्वतंत्र ग्रंथ रचले; तो स्वतः बायझंटाईन सरहद्दीवर लढलाही होता. अल्-गजाली (मृत्यू ११११) याने देहाला नगराची उपमा दिली. त्यात बुद्धी हा वजीर, वासना ही करवसुली करणारी आणि क्रोध हा कोतवाल आहे. दोघेही आवश्यक, पण वजिराच्या आज्ञेत हवेत. याच गजालीने आपल्या कायदेविषयक ग्रंथांत शस्त्राच्या जिहादाचे नियमही नेहमीप्रमाणे दिले आहेत. आज परस्परविरोधी म्हणून मांडले जाणारे हे दोन अर्थ त्या काळच्या विद्वानाला एकाच आयुष्यात सामावणारे वाटत होते.

चिराग अली यांचा युक्तिवाद

'सर्व युद्धे आत्मरक्षणाचीच होती' या मताला ग्रंथरूप मिळाले ते प्रामुख्याने वसाहतकालीन भारतात. १८३१ साली बालाकोट येथे सय्यद अहमद बरेलवी मारले गेल्यावरही त्यांच्या अनुयायांची चळवळ सरहद्दीवर चालू राहिली. १८६४ मध्ये अंबाला व १८६५ मध्ये पाटणा येथे खटले झाले. १८७१ साली डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांनी 'द इंडियन मुसलमान्स' या पुस्तकात राणीविरुद्ध बंड करणे मुस्लिमांवर धर्मतः बंधनकारक आहे काय, असा प्रश्न विचारला. प्रश्नाचे स्वरूपच आरोपपत्राचे होते. सर सय्यद अहमद खान यांनी त्याचा परामर्श घेतला. त्यापूर्वीच १८७० मध्ये कलकत्त्यात मौलवी करामत अली जौनपुरी यांनी ब्रिटिश भारतात जिहाद धर्मबाह्य असल्याचे मत दिले होते. हे करामत अली एके काळी बरेलवींचेच अनुयायी होते, हे विशेष.

या पार्श्वभूमीवर १८८५ साली कलकत्त्यात मौलवी चिराग अली (१८४४–१८९५) यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. ते हैदराबाद संस्थानात, म्हणजे त्या वेळी मराठवाडाही ज्या राज्यात होता तेथे, वरिष्ठ अधिकारी होते. त्यांनी कोश व प्राचीन अरबी प्रयोग तपासून जिहादचा 'युद्ध' हा अर्थ धर्मशास्त्रकारांनी मागाहून रूढ केल्याचे दाखविण्याचा प्रयत्न केला. शब्दचर्चेचा हा भाग आजही वाचनीय आहे. काफिले अडविल्याच्या कथा मात्र त्यांनी अविश्वसनीय म्हणून बाजूला सारल्या, आणि तेथे त्यांची बाजू लंगडी पडते. कारण ज्या चरित्रग्रंथांतील बचावाची वर्णने ते स्वीकारतात, त्यांतलेच गैरसोयीचे वृत्त ते नाकारतात. तथापि, फिक्ह ही मानवी व कालबद्ध रचना असून ती कुराणाइतकी बंधनकारक नाही, हा त्यांचा मुद्दा राजनिष्ठेच्या गरजेपलीकडे जाणारा होता. त्यांना केवळ सरकारधार्जिणे ठरविणे म्हणूनच अन्यायाचे होईल.

या समर्थनपर भूमिकेवर सर्वांत कडवी टीका करणारे अबुल आला मौदूदी याच संस्थानातील औरंगाबाद येथे १९०३ मध्ये जन्मले. डिसेंबर १९२६ मध्ये स्वामी श्रद्धानंदांची हत्या झाल्यानंतर उसळलेल्या वादात त्यांनी लेखमाला लिहिली. ती १९३० साली 'अल्-जिहाद फिल्-इस्लाम' या नावाने ग्रंथरूप झाली. पुढे १९३९ च्या भाषणात त्यांनी आक्रमण आणि बचाव हा भेदच इस्लामला लागू होत नाही, असे मत मांडले. एकाच राज्याच्या परिसरातून अर्धशतकाच्या अंतराने ही दोन परस्परविरोधी उत्तरे आली.

ज्या वर्षी मौदूदींचा ग्रंथ आला, त्याच वर्षी सरहद्द प्रांतात तिसरे उत्तर कृतीतून दिले जात होते. खान अब्दुल गफार खान यांनी १९२९ मध्ये 'खुदाई खिदमतगार' संघटना स्थापन केली. हिंसा व सूड यांचा त्याग आणि रोज काही वेळ समाजसेवा, असे तिच्या शपथेचे स्वरूप होते. सूड हे कुळाचे कर्तव्य मानणाऱ्या पठाणांनी ही शपथ घेतली होती. मक्केतील छळाच्या काळात प्रेषितांचे शस्त्र 'सब्र' हेच होते, अशी शिकवण ते देत. २३ एप्रिल १९३० रोजी पेशावरच्या किस्साखानी बाजारात निःशस्त्र जमावावर गोळीबार झाला. त्या वेळी चंद्रसिंह गढवाली यांच्यासह गढवाल रायफल्सच्या सैनिकांनी गोळ्या झाडण्यास नकार दिला. १९३४ मध्ये तुरुंगातून सुटल्यावर सरहद्द प्रांतात प्रवेशबंदी असल्याने गफार खान वर्ध्यास गांधीजींकडे राहिले. त्याच वर्षी मुंबईत केलेल्या भाषणावरून डिसेंबरमध्ये वर्धा येथेच त्यांना पुन्हा अटक झाली आणि दोन वर्षांची शिक्षा देण्यात आली.