वेस ते गेट : दाराशी होणाऱ्या चौकशीची कुळकथा

नागरी महाराष्ट्रात आज कोणाकडे पाहुणा म्हणून जायचे झाले, तर घराच्या दारावरची घंटा वाजवण्याआधी आणखी एका दाराशी थांबावे लागते. कुंपणभिंत, लोखंडी गेट, गेटालगत पत्र्याची केबिन, केबिनमध्ये वॉचमन आणि त्याच्यापुढे दोरीने पेन बांधलेली लांबट वही, असा हा सरंजाम असतो. वहीत नाव, कुठून आले, कोणाकडे जायचे, फ्लॅट नंबर, गाडीचा नंबर, आत आल्याची वेळ, बाहेर गेल्याची वेळ आणि सही असे रकाने आखलेले असतात, आणि ते भरून होईपर्यंत सख्ख्या भावालाही आत सोडत नाहीत. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की ती टॉवर आणि टाउनशिप यांच्याबरोबरच जन्माला आली असे सहज वाटते. वस्तुतः तिचे कूळ फार जुने आहे, आणि ते शोधण्यासाठी बिल्डरांच्या माहितीपत्रकांपेक्षा गावगाड्यातील वेशीकडे जावे लागते.

दख्खनच्या जुन्या गावाची जमीन दोन नावांनी ओळखली जाई : पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पांढरीभोवती मातीची किंवा दगडमातीची भिंत असे, तिला गावकूस म्हणत, आणि त्या भिंतीतील दरवाजा म्हणजे वेस. वेस आणि शीव हे शब्द आज एकमेकांच्या जागी वापरले जातात, परंतु शीव ही गावाच्या एकूण जमिनीची हद्द आहे, तर वेस हे वस्तीत शिरण्याचे दार आहे. हे दार भाषेत किती खोल रुतले आहे, याची खूण रोजच्या बोलण्यात सापडते. एखाद्या घराण्याची अब्रू चव्हाट्यावर आली की ‘लक्तरे वेशीवर टांगली’ असे म्हणतात, कारण येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाची नजर जिथे पडणारच अशी गावात एकच जागा होती. ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द तर विसाव्या शतकातील मराठी साहित्यात आणि चळवळीत एका संपूर्ण समाजाच्या स्थितीचे नाव होऊन बसला, आणि त्याचा अर्थ समजण्यासाठी वेशीवर बसणाऱ्या माणसाची माहिती असावी लागते.

हा माणूस म्हणजे वेसकर, बोलीत येसकर. गावकीच्या कामांपैकी वेसकरीचे काम महार समाजाकडे वतन म्हणून होते, म्हणजे ते वंशपरंपरेने करावे लागे, आणि त्याची पाळी घराघरांत फिरत असे. सकाळी वेस उघडणे, तिन्हीसांजेला लावणे, परका माणूस गावात आला की तो कोण, कुठला आणि कोणाकडे आला याची चौकशी करून पाटलाला वर्दी देणे, सरकारी माणसाला वाट दाखवणे, सांगावा पोचवणे, ही त्याची कामे. मोबदला म्हणून वतनाची तुटपुंजी जमीन, सुगीतले बलुते आणि घरोघर फिरून मागून आणलेल्या भाकरी. वेसकराला वही नव्हती, सारी नोंद डोक्यात ठेवावी लागे, आणि गावात आलेल्या परक्याची माहिती पाटलाच्या आधी त्याला असे. एकनाथांनी ‘जोहार’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भारुडांत अध्यात्म सांगण्यासाठी गावकीचे काम करणाऱ्या महाराचाच आवाज निवडला, यावरून हा माणूस सोळाव्या शतकातही श्रोत्यांच्या किती ओळखीचा होता हे कळते.

आणि तरीही वेसकराचे स्वतःचे घर वेशीच्या आत नव्हते. ज्या दाराची राखण त्याच्याकडे होती, त्या दाराच्या बाहेर महारवाड्यात तो राहत असे. आत भाकरी मागायला येई आणि परत जाई. दार राखणारा आतला नसतो, हा नियम या कुळकथेच्या अगदी आरंभीच घातला गेला आहे, आणि पुढे दरवाजे, शब्द, कायदे आणि कुंपणे बदलत गेली तरी तो फारसा हललेला नाही. वतनाच्या या बंधनातून महार समाजाची सुटका व्हावी म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती सुचवणारे विधेयक १९२८ मध्ये मुंबईच्या विधिमंडळात मांडले होते. प्रत्यक्षात ही वतने रद्द झाली ती कनिष्ठ गाववतनांसंबंधीच्या १९५८ च्या कायद्याने.

वेसकराच्या जोडीला पुणे, सातारा या भागांत रामोशी हा रात्रीचा राखणदार होता. त्याला जागल्या असेही म्हणत. चोरी झाली तर चोराच्या पावलांचा माग काढणे ही त्याची जबाबदारी होती. माग दुसऱ्या गावाच्या शिवेत गेला असे दाखवून दिले की जबाबदारी त्या गावाच्या राखणदाराकडे जाई, नाहीतर भरपाई द्यावी लागे. आजच्या सुरक्षा एजन्सीच्या करारात नुकसानीची जबाबदारी कोणाची, यावर जी घासाघीस चालते, तिची ही पूर्वपीठिका म्हणावी लागेल.

गावाच्या वेशीची छोटी प्रतिकृती म्हणजे वाड्याचा दरवाजा. ‘वाडा’ हा शब्द संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण किंवा कुंपणाने वेढलेली जागा या शब्दापासून आला आहे. म्हणून सरदाराचा वाडा, गुरांचा वाडा आणि महारवाडा या तिन्ही ठिकाणी तोच शब्द लागतो. इमारतीच्या भव्यतेशी त्याचा मुळात संबंध नाही, संबंध आहे तो वेढून घेण्याशी. शेजारच्या अहमदाबादेत वस्तीला ‘पोळ’ म्हणतात, तो शब्द ‘प्रतोली’ म्हणजे वेशीचा दरवाजा यावरून आला, म्हणजे तिथे दाराच्या नावावरून वस्तीचेच नाव पडले. वाड्याच्या दरवाजाची रचना आज पाहिली तर वहीचे आणि केबिनचे पूर्वज तिथे स्पष्ट दिसतात. मोठ्या दोन झडपांपैकी एकीत कापलेली लहान दिंडी असे, तिच्यातून वाकूनच आत यावे लागे आणि वाकलेल्या माणसाला आतून नीट पाहता येई. आत शिरताच दोन्ही बाजूंना पहारेकऱ्यांच्या देवड्या असत. झडपांमागे भिंतीच्या खोबणीतून ओढायचा जाड लाकडी अडसर असे. देवडी विस्मरणात गेली, दिंडी आषाढीच्या वारीपुरती वेगळ्या अर्थाने उरली, आणि अडसर मात्र कोणत्याही कामातल्या अडथळ्याचे नाव म्हणून रोज बोलला जातो. पुण्याच्या शनिवारवाड्याचा, १७३२ मध्ये वास्तुशांत झालेल्या वास्तूचा, दिल्ली दरवाजा हत्तीच्या मस्तकाच्या उंचीवर बसवलेल्या अणकुचीदार खिळ्यांसह अजून उभा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात किल्ल्याला एकच दरवाजा असणे हा मोठा दोष मानला असून जागा पाहून एकाहून अधिक दरवाजे आणि चोरदिंड्या ठेवण्याची शिकवण दिली आहे. सुरक्षेच्या नावाखाली दुसरे गेट कायमचे कुलूपबंद ठेवणाऱ्या संकुलांनी, जिथे आगीचा बंब आणि रुग्णवाहिका यांना एकच वाट उरते तिथे, हे तीनशे वर्षांपूर्वीचे शहाणपण मुद्दाम वाचावे असे आहे.

मुंबईची गोष्ट उलट दिशेने सुरू होते. तिथे १८६० च्या दशकात कोटाची भिंत आणि तिचे अपोलो, चर्च आणि बझार हे दरवाजे पाडण्यात आले, आणि चर्चगेट हे नाव आता गेट नसलेल्या जागी एका रेल्वे स्थानकाला उरले आहे. गिरणगावातल्या चाळींना राखणदार परवडणे शक्यच नव्हते. तिथे सामाईक गॅलरी हीच देवडी होती, आणि नवखा माणूस जिना चढू लागला की पहिल्या खोलीतूनच ‘कोण पाहिजे?’ असा आवाज येई. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि शहराच्या दाट वस्तीबाहेर आखीव भूखंड पडू लागले. ‘कॉलनी’ हा शब्द मराठीत रुळला तो याच काळात, दादरच्या पारशी आणि हिंदू कॉलन्यांमुळे.

‘सोसायटी’ शब्दाचा उगम मात्र कर्जाच्या व्यवहारात आहे. १९०४ च्या कायद्याने शेतकऱ्यांना सावकारापासून सोडवण्यासाठी सहकारी पतसंस्था निघाल्या, १९१२ च्या कायद्याने पतपुरवठ्याखेरीज इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढता येऊ लागल्या, आणि १९१५ मध्ये रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी यांच्या पुढाकाराने मुंबईत गावदेवी येथे सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी उभी राहिली. त्याच १९१५ साली त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ प्रसिद्ध झाला, ज्यात बलुतेदारी, वतने आणि गावोगाव हिंडणारे फिरस्ते यांचे जिवंत वर्णन आहे. जुन्या वेशीचा हिशेब आणि नव्या वेशीचा पाया एकाच वर्षी कागदावर यावा, हा योगायोग कुळकथा लिहिणाऱ्याने सोडू नये असाच आहे. खेड्यात आजही ‘सोसायटी’ म्हणजे पीककर्ज देणारी विकास सोसायटी. शहरात तोच शब्द आधी घरबांधणीच्या संस्थेला, मग संस्थेच्या इमारतीला, आणि शेवटी कुंपणाच्या आत येणाऱ्या सगळ्या जागेला लागला. १९२५ चा मुंबईचा आणि १९६० चा महाराष्ट्राचा सहकारी संस्था कायदा, तसेच बिल्डरने खरेदीदारांची संस्था नोंदवून देणे बंधनकारक करणारा १९६३ चा मालकी सदनिकांचा कायदा, यांनी हा अर्थ पक्का केला.

सहकाराच्या या सुरुवातीचे श्रेय मोठे आहे. भाड्याच्या दोन खोल्यांत आयुष्य काढलेल्या कारकुनाला आणि शिक्षकाला त्यातून स्वतःचे छप्पर मिळाले. परंतु आरंभीच्या बऱ्याच सोसायट्या एकेका जातीच्या किंवा समाजाच्या होत्या, हेही तितकेच खरे आहे, आणि त्यांच्या उपविधींत म्हणजे संस्थेच्या अंतर्गत नियमांत सभासद कोण होऊ शकेल हे लिहिलेले असे. अहमदाबादच्या झोरोस्ट्रियन को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटीच्या खटल्यात पारशी समाजापुरते सभासदत्व राखणारा उपविधी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ग्राह्य धरला. वेशीचे काम तिथे फाटकाआधी कागदानेच केलेले होते.

कुंपण आणि नोंदवही यांची आणखी एक शाखा आहे, आणि तिचा उल्लेख टाळून ही वंशावळ पुरी होत नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही भटक्या समाजांना जन्मतः गुन्हेगार ठरवले. पुढे त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती उभारण्यात आल्या, त्यांतील सोलापूरची वसाहत विशेष मोठी होती. तिथल्या रहिवाशांना ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे, आणि परवान्याशिवाय कुंपणाबाहेर पडता येत नसे. इथे वही पाहुण्याची नव्हती, राहणाऱ्याची होती. राखण आतल्यांसाठी नव्हती, आतल्यांवर होती. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी देशभर रद्द झाला, तो दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो, आणि सोलापुरात त्या वस्तीला आजही ‘सेटलमेंट’ म्हणतात. दाराशी लिहून घेतलेले नाव कोणाच्या हाती आहे यावर त्या नोंदीचा अर्थ ठरतो, हे सोलापूरच्या कुंपणाने जितके स्पष्ट केले तितके दुसऱ्या कशानेही केले नसेल.

स्वातंत्र्यानंतर शहरी इमारतींच्या दाराशी आधी गुरखा दिसू लागला, रात्री काठी आपटत आणि शिटी वाजवत फेरी घालणारा आणि महिन्याकाठी दारोदार फिरून पैसे गोळा करणारा. वेसकराच्या भाकरीची ही रोख आवृत्ती होती. १९८१ च्या महाराष्ट्र खासगी सुरक्षा रक्षक कायद्याने राखणदारांच्या नोकरीचे नियमन आणि कल्याण यांची तरतूद केली, २००५ च्या केंद्रीय कायद्याने खासगी सुरक्षा एजन्सींना परवाना सक्तीचा केला, आणि ‘वॉचमन’ची कागदोपत्री ‘सुरक्षा रक्षक’ अशी बढती झाली. त्याच सुमारास संकुलांचा आकारही वाढला. पुण्याजवळ मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी ४०० एकरांहून अधिक जमीन एकत्र करून नगरच वसवले, म्हणजे एका पिढीत काळीची पांढरी झाली. काही वर्षांत वहीच्या जागी ‘मायगेट’सारखी अ‍ॅपे आली, पाहुण्याचा फोटो निघतो, घरमालकाच्या मोबाइलवर विचारणा होते, आणि कामवाल्या बाई किती वाजता आल्या आणि किती वाजता गेल्या हे सर्व बिऱ्हाडांना दिसते. सोलापूरच्या हजेरीची आठवण इथे होणे अपरिहार्य आहे, कारण या यंत्रणेत रोज नोंद होते ती प्रामुख्याने घरकामगार, डिलिव्हरीवाले आणि चालक यांची. २०२० च्या टाळेबंदीत कित्येक सोसायट्यांनी घरकाम करणाऱ्या स्त्रियांना गेटातच अडवले, तेव्हा गावकुसाबाहेर या शब्दाला नवे रहिवासी मिळाले.

जुन्या वेशीचे समर्थन कोणी करणार नाही, पण तिच्याकडे असलेली एक गोष्ट नव्या गेटाने गमावली आहे. वेसकराच्या चौकशीतून पार पडलेला वाटसरू चावडीवर किंवा देवळात रात्र काढू शकत असे. त्याचे उत्तर पटले की तो गावाचा पाहुणा होई. आजची चौकशी पार करणारा माणूस एका फ्लॅटचा पाहुणा असतो, संकुलाचा नसतो, आणि ज्याला कोणाकडेही जायचे नाही त्याला बाकावर बसण्याचीही सोय नसते.

२०२३ मध्ये संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, परंतु गेटवरच्या कागदी वहीतले फोन नंबर पुढच्या प्रत्येक पाहुण्याला वाचता येतात आणि भरलेली वही रद्दीत कुठे जाते हे बहुतेक सोसायट्यांत कोणी विचारत नाही. केबिनमध्ये बारा तास बसणाऱ्या माणसाला पंखा, पिण्याचे पाणी आणि वापरायला शौचालय आहे की नाही, हेही विचारले जात नाही. कायद्यानुसार सहकारी सोसायटीला वार्षिक सर्वसाधारण सभा दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. हा लेख वाचणारे बहुतेकजण कोणत्या ना कोणत्या सोसायटीचे सभासद असतील. येत्या सभेच्या विषयपत्रिकेवर त्यांनी हे दोन विषय लेखी द्यावेत, आणि सभेला वॉचमनलाही बोलवावे.